पंगत : नांदेड-लातुराकडील सहभोजनाचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्यापुढे लढाया, तह आणि राजघराण्यांच्या वंशावळी उभ्या राहतात. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांचा इतिहास सांगावयाचा, तर देवगिरीच्या यादवांपासून आरंभ करून बहामनी, मोगल आणि आसफजाही अशा पायऱ्या उतरत यावे, वाटेत १७६० च्या उदगीरच्या लढाईपाशी थोडे थांबावे आणि १७ सप्टेंबर १९४८ या दिवशी निजामी राजवट संपल्याचे सांगून भाषण आटोपते घ्यावे, अशी रीत पडून गेली आहे. आज आम्ही ती रीत बाजूस ठेवणार आहोत. आम्ही विचारणार आहोत तो प्रश्न अगदी घरगुती आहे. या भूमीत माणसे जेवावयास बसली, ती कोणाच्या शेजारी बसली?

प्रश्न घरगुती असला तरी क्षुल्लक नाही. आपल्या भाषेकडेच पाहा. 'पंगत' हा शब्द उच्चारताच मन प्रसन्न होते. केळीची पाने, रांगोळी, उदबत्ती आणि आग्रह करणारे वाढपी डोळ्यांसमोर येतात. पण याच शब्दाचे भाऊबंद कोण आहेत? ज्याला पंक्तीस बसू द्यावयाचे नाही तो 'पंक्तिबाह्य'. एकाच पंक्तीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला नुसते दर्शन, असा भेद करणे हा 'पंक्तिप्रपंच'. ज्याच्या बसण्याने पंक्ती पवित्र होते तो 'पंक्तिपावन'. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अशा पंक्तिपावनांची, तशीच पंक्ती बिघडविणाऱ्यांचीही यादी दिलेली आहे. त्यापुढे 'रोटीबंदी' आणि 'वाळीत टाकणे' हे शब्द आहेतच. सारांश, पंगत म्हणजे आमच्याकडे केवळ जेवणाऱ्यांची ओळ नव्हती. ते एक न्यायासन होते. कोण आत आणि कोण बाहेर, कोण वर आणि कोण खाली, याचा निकाल तेथे रोज लागत असे, आणि तो निकाल ऐकणाऱ्याला भाकरीबरोबरच गिळावा लागे.

आता योगायोग असा, की हाच शब्द उत्तरेकडून नांदेडला आला, तेव्हा नेमका उलटा अर्थ घेऊन आला.

१७०८ साली गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाच्या दक्षिणेच्या स्वारीबरोबर गोदावरीकाठी नांदेडला पोहोचले. येथेच बैरागी माधोदास त्यांना शरण येऊन बंदासिंग झाला. येथेच त्यांच्यावर मारेकऱ्याचा घाव पडला. आणि येथेच ७ ऑक्टोबर १७०८ रोजी, आपल्यामागे ग्रंथसाहेब हाच गुरू, असे सांगून त्यांनी देह ठेवला. शीख परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. अखेरच्या दिवसांत गुरूंनी बरोबरच्या शिखांना पंजाबात परतण्यास सांगितले. मात्र भाई संतोखसिंग यांना मागे राहून येथील लंगर चालू ठेवण्याची आज्ञा केली. परंपरेतील ही आठवण आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. घरापासून शेकडो कोस दूर, परभाषी मुलखात, मागे कोणत्या एका गोष्टीचा खंड पडू द्यावयाचा नाही, असा प्रश्न होता. आणि उत्तर म्हणून चुलीचे नाव घेतले गेले.

लंगराची ही रीत तेव्हा नवी नव्हती. तिचा आरंभ गुरू नानकांपाशी, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावर जातो. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खिवी यांनी या स्वयंपाकघराला शिस्त लावली. त्यांचा आणि त्यांनी वाढलेल्या खिरीचा गौरवाने केलेला उल्लेख प्रत्यक्ष ग्रंथसाहेबात आहे. एका स्वयंपाकघराच्या स्वामिनीचे नाव धर्मग्रंथात यावे, ही गोष्ट जगाच्या इतिहासात विरळाच म्हटली पाहिजे. तिसरे गुरू अमरदास यांनी नियम केला, की माझ्या भेटीस येणाऱ्याने आधी पंगतीस बसावे आणि मग संगतीस यावे. खुद्द अकबर बादशहाही गोइंदवालला याच नियमाने ओळीत बसून जेवला, असे शीख परंपरा सांगते. नियमातील क्रम ध्यानात घ्या. आधी उपदेश ऐका, मन शुद्ध करा आणि मग शेजाऱ्यासह जेवा, असे गुरूंनी म्हटले नाही. आधी शेजारी बसा. मनाचे पुढे पाहता येईल!

आज नांदेडच्या सचखंड हुजूरसाहेबात जाऊन पाहावे. महाराजा रणजितसिंगांच्या साहाय्याने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिलेली ही वास्तू शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. तिच्या व्यवस्थेसाठी १९५६ साली स्वतंत्र कायदा झाला. आणि २००८ साली गुरुगादीच्या त्रिशताब्दीला देशोदेशींचे यात्रेकरू येथे लोटले. पण आमचे लक्ष आहे ते लंगराकडे. येणाऱ्याने डोके झाकावे, पायताण बाहेर ठेवावे, हात धुवावे आणि जमिनीवर अंथरलेल्या लांब पट्टीवर जी जागा येईल तेथे मांडी घालावी. नाव, गाव, कूळ कोणी विचारीत नाही. वरण, भाजी, कधी खीर, आणि पोळी. पोळीला तेथे 'परशादा' म्हणतात, आणि ती दोन्ही हात पसरून घ्यावयाची असते. श्रीमंत व्यापारी असो की स्टेशनावरचा हमाल, दोघांच्याही हातांची ओंजळ सारखीच होते. पीठ मळणारे, पोळ्या शेकणारे, वाढणारे आणि उष्टी भांडी घासणारे हे बव्हंशी सेवा म्हणून आलेले लोक असतात, आणि कोणत्या कामाला कोण असावे याला जातीचे बंधन नाही. खर्चाची बाजू 'दसवंध', म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देण्याच्या प्रथेवर आणि भाविकांच्या देणग्यांवर उभी आहे.

हे सर्व पाहिल्यावर आम्हांला वाटते, की कोणत्याही पंगतीची परीक्षा चार प्रश्नांनी करावी. चुलीपाशी कोण आहे? वाढपी कोण आहे? शेजारी कोण आहे? आणि उष्टी कोण काढतो? या चारही ठिकाणी कोणीही असू शकत असेल, तर ती पंगत समतेची. चारांपैकी एका जागेवर जरी पहारा असला, तरी ती जुनीच पंगत नव्या पाटावर बसलेली आहे, असे समजावे.

ही परीक्षा मनात धरून आपण नांदेडहून मागे, लंगराच्या आधीच्या काळात जाऊ. कारण समतेची ओळख आम्हांला पंजाबाने प्रथम करून दिली, असे म्हटले तर ते आमच्याच पूर्वजांवर अन्याय करणारे होईल.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागण्यास सांगितले. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांचे एक थोर स्थान आहे. एकाच झोळीत ब्राह्मणाघरचा भात आणि शूद्राघरची भाकरी एकत्र आली, की त्यांना पुन्हा निराळे करणे कोणत्याही धर्मपीठाला शक्य नसते. पंगत न मांडता पंक्तिभेद मोडण्याची ही युक्ती होती. मात्र ती घरदार सोडलेल्या भिक्षूची युक्ती होती. संसारी माणसाच्या अंगणात ती फारशी उतरली नाही.

त्याही आधी, बाराव्या शतकात, कल्याणला बसवेश्वरांनी संसारी माणसासाठीच मार्ग काढला. हे कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, निलंग्याच्या आग्नेयेस आहे. आज मध्ये राज्याची सीमा आली आहे. पण उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. तेव्हा ही गोष्ट परक्या मुलखाची नव्हे. बसवेश्वरांनी दोन शब्द दिले : कायक आणि दासोह. कायक म्हणजे स्वतःच्या श्रमाने कमावणे. दासोह म्हणजे 'मी दास आहे' या भावनेने ते कमावलेले समाजापुढे ठेवणे. चांभार असो की ब्राह्मण, ज्याने लिंग धारण केले तो शरण. आणि शरणांच्या पंक्तीत भेद नाही. लातुराकडील लिंगायत मठांतून दासोह हा शब्द आजही अन्नदानासाठी कानावर पडतो, आणि मन्मथस्वामींच्या मराठी ग्रंथांतून हा विचार या भागात घरोघर पोहोचला.

परंतु कल्याणच्या कथेचा शेवट विसरता कामा नये. परंपरा सांगते, की शरणांच्या या सहवासातून पुढचे पाऊल पडले. ब्राह्मण कुळातल्या मधुवरसाची कन्या चांभार कुळातल्या हरळय्याच्या पुत्राला देण्यात आली. पंगतीपर्यंत जे राज्याने चालू दिले, ते लग्नमंडपापाशी चालू दिले नाही. बिज्जल राजाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला, कल्याणात रक्तपात झाला आणि शरण दिशादिशांना पांगले. रोटीकडून बेटीकडे जाणारी वाट किती अरुंद आणि किती धोक्याची होती, हे या कथेइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

पैठणच्या एकनाथांची गोष्ट आपणा सर्वांना पाठ आहे. श्राद्धासाठी केलेले अन्न त्यांनी अंत्यजांना जेवू घातले, आणि पैठणच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले. ही कथा महिपतींनी अठराव्या शतकात, म्हणजे नाथांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी सांगितली. तिच्यातील चमत्काराचा भाग सोडून दिला, तरी एक गोष्ट उरते : मराठवाड्याच्या लोकमनाने संताची कसोटी म्हणून पोथी निवडली नाही, पान निवडले. पानावर कोणाला बसविले, यावरून नाथ थोर ठरले.

आता लातुराकडे वळू. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, जिला आम्ही वेळा अमावास्या किंवा बोलीत येळवस म्हणतो, त्या दिवशी लातूर शहराचे रस्ते ओस पडतात. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आणि लगतच्या कन्नड मुलखात हा सण मोठा. शेतात कडब्याची खोप उभारावयाची, तीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून त्यांची पूजा करावयाची, आणि मग सारा गोतावळा तेथेच जेवावयास बसावयाचा. ताज्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, गव्हाची खीर आणि ताकात ज्वारीचे पीठ कालवून आंबविलेले मडक्यातले आंबील! ज्याला शेत नाही असा शहरातला नोकरदार, शिक्षक, दुकानदार यालाही कोणाचे ना कोणाचे आमंत्रण असतेच. ज्याच्या शेतात अधिक माणसे जेवली, त्याचा तो दिवस अधिक चांगला गेला, असे मानणारा हा सण आहे.

हे औदार्य खरे आहे, आणि आम्हांला त्याचा अभिमान आहे. तरीही आपले चार प्रश्न येथे विचारले पाहिजेत. जुन्या गावगाड्यात महारामांगांचा भाकरीवर हक्क होता, पण पंक्तीवर नव्हता. भाकरी वरून ओंजळीत पडे. ती घेऊन त्याने आपल्या वस्तीत जावे, असा दंडक होता. पोटाला देणे आणि शेजारी बसविणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने दात्याचा मोठेपणा वाढतो. दुसरीने तो कमी होतो, आणि म्हणूनच ती अवघड असते. दयेने भरलेल्या गावातही अन्याय सुखाने नांदू शकतो, हे आपल्या इतिहासाचे एक कटू सत्य आहे.

एकोणिसाव्या शतकात एक नवीच शक्ती पुढे आली. ती म्हणजे घराबाहेर जेवण्याची गरज. रेल्वे, गिरणी, कचेरी आणि शाळा यांनी माणसाला त्याच्या चुलीपासून दूर नेले. हा प्रकार जगभर घडला. स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरचे बास्क लोक त्याच काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात मेंढपाळ म्हणून गेले. कॅलिफोर्निया, नेवाडा, आयडाहो या प्रदेशांत त्यांच्या खानावळी निघाल्या. लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाके, मध्ये सूप, घेवडा आणि मांस यांची मोठाली भांडी. ज्याने त्याने वाढून घ्यावे आणि भांडे पुढे सरकवावे. बेकर्सफील्डची १८९३ ची नोरिएगा खानावळ अशी थेट २०२० पर्यंत चालली. पुढे तेथे परके लोकही मुद्दाम जेवावयास येऊ लागले, आणि अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसू लागले.

आमच्याकडे मुंबईच्या गिरणगावात हेच झाले. गावाकडून आलेला गडी महिन्याच्या बोलीवर बाईच्या खानावळीत दोन वेळा जेवू लागला. गावी गेला तर खाडे धरले जाऊ लागले. याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. पण बास्क मेंढपाळाला जी अडचण नव्हती ती आमच्या गिरणी कामगाराला होती. त्याने गाव सोडले, पंगत सोडली नाही. गिरणीच्या विणखात्यात धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या अधिक पगाराच्या खात्यात घेतले जात नसे, डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हे गाऱ्हाणे उघडपणे मांडले. उष्ट्याचा विटाळ यंत्रापर्यंत जाऊन पोहोचला होता.

सुशिक्षितांची स्थितीही काही निराळी नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, आणि त्यावरून जे ग्रामण्य उठले त्यात टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताचा विषय टाळता आला नाही. पुढची पिढी मात्र धीट निघाली. कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा पिऊ लागले. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवीत. रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ साली अखिल हिंदू उपहारगृह उघडले. अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकरीचे सत्यनारायण घातले; पूजेला अस्पृश्य जोडपे आणि प्रसादाला झुणका-भाकर! यांपैकी साताऱ्याचा प्रयोग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. समारंभाचे सहभोजन वर्षातून एकदा होते आणि वर्तमानपत्रात छापून येते. वसतिगृहाचे सहभोजन रोज दोनदा होते, आणि महिन्याभरात त्याचे कोणाला काही वाटेनासे होते. 'काही न वाटणे' हाच सुधारणेचा खरा विजय होय.

पण येथे एका गंभीर आक्षेपाला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना अध्यक्षपदासाठी बोलाविले आणि त्यांचे भाषण वाचून ती परिषदच रद्द केली. पुढे त्यांनी स्वतः छापलेल्या त्या भाषणात त्यांचे म्हणणे असे होते, की सहभोजनाने जातीची भावना मेलेली नाही. खरा उपाय मिश्र विवाह हाच, आणि त्याच्याही आड येणारी शास्त्रांवरील श्रद्धा आधी हलली पाहिजे. लंगर ज्या पंजाबात जन्मला, त्याच पंजाबच्या राजधानीसाठी हे भाषण लिहिले होते, आणि तेथेच ते होऊ शकले नाही, यातला बोध कडू आहे. शेकडो वर्षे एका पंगतीला जेवूनही पंजाबातील जाती गेल्या नाहीत.

हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. पंगत ही पुरेशी नाही. मात्र ती अनावश्यक आहे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. कल्याणची कथा हेच सांगते : जेथे शेजारी बसणे झाले, तेथेच सोयरिकीचा विचार तरी निघू शकला. पंगत हा उंबरठा आहे. उंबरठ्यावर बिऱ्हाड करणे चूक. पण तो न ओलांडता घरात गेल्याचे कोणी ऐकले आहे काय?

स्वातंत्र्यानंतर कायद्याने आपले काम केले. राज्यघटनेने अस्पृश्यता नाहीशी केली आणि सार्वजनिक उपाहारगृहांची दारे सर्वांना उघडली. १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. तरीही अनेक गावांतून चहाचा वेगळा कप आणि लग्नातली वेगळी पंगत कितीतरी वर्षे टिकून राहिली. आता तर लग्नकार्यात पंगतच उठत चालली आहे. ताट हाती घेऊन उभ्याउभ्या जेवण्याची पद्धत आली. हिचे लोक समतेची पद्धत म्हणून कौतुक करतात. आम्हांला तसे वाटत नाही. तेथे कोणी कोणाच्या शेजारी बसतच नाही. त्यामुळे प्रश्न सुटत नाही, तो टळतो.

प्रश्न जेथे टळत नाही अशी एक पंगत मात्र आज गावोगाव रोज बसते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना शिजवलेले अन्न मिळाले पाहिजे. तेव्हापासून किनवटच्या डोंगरातल्या पाड्यापासून औशाच्या माळावरच्या गावापर्यंत, दुपारची घंटा झाली की शाळेच्या व्हरांड्यात ओळ धरली जाते. या ओळीला आपले चार प्रश्न विचारा. शेजारी कोणीही, हे बहुधा साधले आहे. पण चुलीपाशी दलित बाई आली म्हणून पालकांनी मुले उठवून नेल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून अजून येतात. म्हणजे पहारा शेजारावरून उठला आणि चुलीवर जाऊन बसला.

नांदेडच्या लंगराने तीनशे वर्षांत जे करून दाखविले, त्यात चमत्कार काही नाही. नियम आधी केला आणि तो कोणासाठीही मोडला नाही, एवढेच त्याचे रहस्य आहे. मन तयार होण्याची वाट पाहिली असती, तर ती चूल अजून पेटली नसती. आपल्या गावच्या शाळेत आज स्वयंपाक कोण करते, आणि ती बाई कोणत्या घरची असली तर आपणांस चालणार नाही, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. उत्तर दुसऱ्या कोणाला सांगण्याची गरज नाही. पण ते खरे असावे.